जमीन सोडा

२७ फेब्रुवारी १९९८, शुक्रवार, सकाळी साडेदहा. हजर: शेवंता रामा जाधव, विणकर. मंगल, तिची मागावरची जोडीदारीण. मी, व्यवस्थापक. सर, खिडकीबाहेर. उशिरा हजर: मुंबईच्या कंपनीचे साहेब. गैरहजर: संस्थेचे चिटणीस, नेहमीप्रमाणे कळवून. काम: माग क्रमांक दोनवरचं कापड उतरवणे.

ही नोंद माझ्या वहीत आहे. त्या दिवशी जे घडलं ते तिच्यात नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

सरांचं नाव मी देणार नाही. ते पुरेशा ठिकाणी लिहिलेलं आहे. शेवंताचं मात्र वर पूर्ण लिहिलं आहे.

सर खिडकीबाहेर उभे होते, कारण त्यांना लोकरीचं वावडं होतं. हलवायाला मधुमेह असावा तसं ते होतं. लोकरीत चित्रं करवून घ्यायचे, पण लोकरीपाशी दहा मिनिटं थांबले की डोळे लाल व्हायचे आणि शिंकांची माळ सुरू व्हायची. म्हणून ते गोदामाच्या खिडकीबाहेर उभं राहून सूचना द्यायचे. खिडकीच्या गजाला त्यांचा ओला रुमाल बांधलेला असे. पावसात छत्री घेऊन उभे राहत. बायका त्या खिडकीला ‘सरांचं ऑफिस’ म्हणायच्या.

गोदाम भाताचं होतं. मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे जुनं गोदाम एका संस्थेने भाड्याने घेतलं, त्यात चार माग बसवले आणि आसपासच्या बायकांना सतरंज्या, आसनं, पायपुसणी विणायला शिकवलं. माझं काम यादीचं. आलेलं सूत, गेलेला माल, कोण हजर, कुणाचं मूल आजारी, कुठल्या एसटीला काय पाठवायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग सर आले.

ते शहरातल्या कलाशाळेतून निवृत्त होऊन ‘शांतता शोधत’ धसईत खोली घेऊन राहिले होते. शांतता म्हणजे पिठाच्या गिरणीमागची खोली. गिरणी सकाळी सात ते रात्री आठ चालायची. पण सर म्हणायचे, “एकच आवाज सतत असला की ती शांतताच.” चिटणिसांशी त्यांची जुनी ओळख होती. तुमच्याकडे माग आहेत, माझ्याकडे कल्पना आहेत, असं ते त्यांना म्हणाले, आणि आमच्या पायपुसण्यांच्या यादीत एक नवा माल वाढला. सर त्याला ‘चित्रवस्त्र’ म्हणत. चिटणीस कागदोपत्री ‘टॅपेस्ट्री’ लिहीत. बायका म्हणत ‘भिंतीची गोधडी’. मी वहीत फक्त ‘पट’ लिहिलं. जागा वाचते.

पटावर काय असायचं, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. मोठे डाग, वाकड्या पट्ट्या, एका कोपऱ्यात भडक काहीतरी. मंगलने पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, ह्ये काय हाय?” सर म्हणाले, “हे काय आहे ते विचारू नका. हे कुठे आहे ते विचारा.” मंगलने निमूटपणे विचारलं, “कुठं हाय?” सर विचारात पडले. शेवंता मागावरून मान न वळवता म्हणाली, “भिंतीवर असंल गो.”

शेवंता तेव्हा पस्तिशीची असेल. माहेर धसईकडे आणि सासर धरणात, असं ती सहज सांगायची, जशी दुसरी कुणी खर्डी किंवा शहापूर सांगेल. सासरचं गाव, घर, चार खाचरं पाण्याखाली गेली तेव्हा ती नवी सून होती. चौथीपर्यंत शिकलेली. हात असा की तिने पंजाने, म्हणजे लोखंडी फणीने, ठोकून बसवलेल्या आडव्या दोऱ्यांतून सुई जायची नाही. सरांची समजूत अशी की तिला वाचता येत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

सरांच्या सवयींची मी एक वेगळी यादी केली होती, कारण त्यांच्यामुळे कामात खोळंबा व्हायचा. पहिली सवय रंगांची. त्यांना हवा तो रंग ते वस्तू आणून दाखवायचे. धसईच्या बाजारातून एकच वांगं, एक गंजलेली बिजागरी, एसटीचं एक जुनं तिकीट. भाजीवाल्या त्यांना ‘एक वांगंवाले’ म्हणायच्या. वांगं दोन दिवसांनी सुरकुतलं की सर म्हणायचे, “आता हाच रंग हवा.” म्हणजे रंगवलेली लोकर पुन्हा रंगवायची. शेवटी मी लोकरीच्या लडींना क्रमांक दिले आणि एक रंगवही केली. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात सरांनी दिलेलं नाव, तिसऱ्यात शेवंताने दिलेलं. चौदा: ‘विरहाचा करडा’, ‘राबाची राख’. बावीस: ‘संभ्रमित हिरवा’, ‘लावणीतली रोपं’. एकतीस: ‘मौन’, ‘शिळा भात’. रंगाचं काम करणाऱ्या पुरुषाने तिसरा रकाना वाचून रंग केला की बरोबर यायचा. दुसरा रकाना मी सरांसाठी ठेवला होता.

दुसरी सवय मागे चालण्याची. काम कसं दिसतं ते बघायला सर डोळे अर्धे मिटून मागे मागे जायचे. अंगण आमचं बेताचं. तिथे शेजारच्या घरचं भात वाळत घातलेलं असायचं, पलीकडे म्हैस. सर एकदा भातात, एकदा बादलीत आणि एकदा म्हशीवर गेले. शेवंता खिडकीतून ओरडायची, “सर, पुढं बघून मागं जावा!” मी यादीत नेहमीचं काम घातलं: ‘सर येण्याआधी अंगण रिकामं करणे.’ पुढे आम्हाला एक गोष्ट कळली. सर जितके मागे जातील तितकं काम त्यांना आवडलेलं असायचं. चार पावलं म्हणजे ठीक. भातापर्यंत म्हणजे चांगलं. एकदा ते म्हशीच्याही पलीकडे गेले होते, तेव्हा मंगलने टाळ्या वाजवल्या.

ज्यांनी असला माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उभे दोरे मागावर ताणलेले असतात. त्यांच्या पलीकडे सरांचा रंगवलेला कागद टांगलेला. विणणारी अलीकडे बसते आणि दोऱ्यांमधून कागद बघत आडवी लोकर भरत जाते. तिच्याकडे कापडाची उलटी बाजू असते, सगळ्या गाठी आणि टोकं तिच्या तोंडाशी. सुलटी बाजू कागदाकडे तोंड करून असते. विणून झालेला भाग खालच्या लाटेवर, म्हणजे आडव्या गोल दांड्यावर, गुंडाळला जातो. म्हणजे आठ-नऊ महिने खपून केलेलं काम पूर्ण असं कुणीच पाहिलेलं नसतं. ते मागावरून उतरलं की मगच दिसतं, एकदम.

आणि सही. सरांची सही प्रत्येक पटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असायची, ऐटबाज, शेवटच्या अक्षराला शेपटी. ती कागदावर सर काढायचे, पटावर शेवंता विणायची, आणि उलट्या बाजूने, म्हणजे आरशातल्यासारखी. सरांची सही सरांनी कधीच विणली नव्हती. दुसऱ्याची सही हुबेहूब करण्याला बँकेत वेगळा शब्द आहे. आमच्याकडे त्याला विणकाम म्हणत.

पहिल्या पटाचा फोटो पेपरात आला, तेव्हा शेवंताने तो पेपर सरांच्या ऑफिसात, म्हणजे खिडकीच्या गजांतून, सरांपुढे धरला.

“सर, आमचं नाव कुठं हाय?”

सरांना प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ते प्रेमाने हसले. “शेवंताबाई, गवंडी घर बांधतो. दारावर नाव कुणाचं असतं?”

“मालकाचं.”

“झालं तर मग.”

“मालक घरात राहतो सर. तुमी ह्यात राहता का? तुमाला तर शिंका येतात.”

बायका इतक्या हसल्या की सरही हसले. पण नाव आलं नाही. दुसऱ्या पटाच्या वेळीही आलं नाही. शेवंताने पुन्हा विचारलं नाही. मी वहीत नोंद केली, ‘शेवंता: नावाबद्दल. चिटणिसांशी बोलणे.’ बोलले. चिटणीस म्हणाले, “बघू.” मी ‘बोलणे’पुढे खूण केली. काम झालं, एवढाच खुणेचा अर्थ.

आता तो शब्द. सर कागदावर जागोजागी शिसपेन्सिलीने सूचना लिहायचे. जिथे नक्षी नको, नुसता साधा पोत हवा, तिथे लिहायचे ‘जमीन सोडा’. साडीची जमीन हिरवी, बुट्टी लाल असं आपण म्हणतो, तीच ही जमीन. म्हणजे एकतीस क्रमांकाची, शिळ्या भाताच्या रंगाची लोकर सरळ भरत जायची. तिसऱ्या पटाच्या कागदावर मधोमध हातभर रुंद, वाकडातिकडा एक भाग होता आणि त्यात लिहिलं होतं, ‘जमीन सोडा’. मी ते माझ्या रोजच्या कामाच्या यादीत उतरवून घेतलं आणि मागापाशी वाचून दाखवलं. शेवंता म्हणाली, “वाचलं मी.”

काही दिवसांनी मी फेरी मारली, तेव्हा त्या भागात लोकर नव्हती. नुसते उभे दोरे. ते जागचे हलू नयेत म्हणून शेवंताने बांबूच्या कामट्या घातल्या होत्या, आणि कडांना दुहेरी गाठींची रांग. मधूनमधून बोटभर जाडीच्या दोन-तीन नागमोडी पट्ट्या मात्र विणलेल्या. मी म्हटलं, “हे असंच?” ती म्हणाली, “सरांनी लिवलंय ना, जमीन सोडा. सोडली.” तोपर्यंत माझा असा समज झाला होता की या कलेत काहीही असू शकतं. मी खूण केली.

तर २७ फेब्रुवारी. मंगलने आणि मी लाट धरली, शेवंताने दोरे कापले. पट बाहेर अंगणात नेऊन बांबूवर टांगला. शेवंताने कामट्या एकेक करून ओढून काढल्या. मधोमध भोक पडलं. भोक म्हणजे अगदी भोक नाही, उभे दोरे आणि त्या नागमोडी पट्ट्या होत्या. पण त्यांतून शेजारच्यांची म्हैस स्पष्ट दिसत होती.

सर रुमाल नाकाशी धरून आले. बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग एकतीस क्रमांकाचा.

“हे काय आहे?” ते म्हणाले. स्वतःचाच नियम मोडून.

“जमीन सोडली सर,” शेवंता म्हणाली.

“जमीन सोडा म्हणजे साधं विणायचं, बाई! साधं! सोडून नाही द्यायचं! आणि या पट्ट्या कुणी सांगितल्या?”

“दोरे पसरत्यात म्हणून घातल्या.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “यादीबाई, तुम्ही बघत नव्हतात?” मला ते यादीबाईच म्हणायचे.

“बघत होते. मला वाटलं आधुनिक आहे.”

यावर सर काहीतरी जहाल बोलणार होते, पण तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि कंपनीचे साहेब उतरले. पट त्यांच्या मुंबईच्या कचेरीच्या मोठ्या दालनासाठी होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोऱ्यांमधून म्हैस बघितली. म्हशीनेही त्यांना बघितलं.

“वा,” साहेब म्हणाले. “ही मोकळीक. ही हिंमत.”

सरांना सावरायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण शिंक यायच्या आत सावरले. म्हणाले, “गेली दोन वर्षं मी या रिकामपणाचा विचार करत होतो.”

शेवंता कामट्यांची मोळी बांधत होती. तिने मान वर केली नाही. मंगलने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

साहेब गेल्यावर सर पुन्हा पटासमोर उभे राहिले आणि मागे मागे जायला लागले. भातापर्यंत, म्हशीपर्यंत, कुंपणाच्या फटीतून रस्त्यावर, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधावर. एक जीप जोरजोरात हॉर्न वाजवत गेली. सर बांधावर उभे होते, डोळे अर्धे मिटून. तिथून परत यायला त्यांना अर्धा तास लागला. परत आल्यावर ते शेवंताला म्हणाले, “चूक झाली, पण मी माफ केली.”

शेवंता म्हणाली, “बरं.”

दालनाच्या उद्घाटनाला कंपनीने आम्हालाही बोलावलं. मी प्रवासाची यादी केली: पहिली एसटी, कल्याणहून गाडी, पाण्याच्या बाटल्या, शेवंताची मोठी पर्स, मंगलची उलटीची गोळी. दालन थंडगार होतं. पट उंच भिंतीवर, वरून दिवे सोडलेले, आणि मोकळ्या दोऱ्यांमागे भिंतीवर त्यांची बारीक सावली पडली होती. खरोखर सुंदर दिसत होता. म्हशीची कमी जाणवली नाही. सर सुटाबुटात, लोकर वर टांगलेली असल्यामुळे शिंकेविना, चार लोकांना रिकामपणा समजावून सांगत होते.

पटाच्या शेजारी पितळेची पाटी होती. शेवंता तिच्यापाशी गेली आणि बोटाने एकेक ओळ वाचली. सरांचं नाव. पटाचं नाव, ‘स्थित्यंतर तीन’. लांबी-रुंदी. त्याखाली, ‘लोकर आणि सूत’. तिने ती दोनदा वाचली.

“ताई,” ती मला म्हणाली, “लोकरीचं नाव लिवलंय. सुताचं बी लिवलंय.”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मंगल झोपली होती. माझ्या मनात आठवडाभर एक गोष्ट होती. पहिल्या दोन पटांचे कागद माझ्याकडे क्रमवार लावलेले होते. आदल्या आठवड्यात ते चाळताना मला दिसलं, की ‘जमीन सोडा’ त्यांच्यावरही लिहिलेलं होतं. पहिल्यात तीन ठिकाणी, दुसऱ्यात दोन. पाचही ठिकाणी शेवंताने एकतीस नंबरची लोकर साधी विणली होती, सरांना हवी तशीच.

मी म्हटलं, “शेवंता, जमीन सोडा म्हणजे काय, ते तुला माहीत होतं.”

“व्हतं ना.”

“मग?”

एसटीने एक खड्डा घेतला. ती म्हणाली, “कागद आला तवा मे महिना व्हता. पाणी उतरलं व्हतं. सासूला घेऊन गेले व्हते बघाया. बांध वर येतात ना. सासू दाखवीत व्हती, ह्यो आपला, त्यो थोरल्यांचा. जमीन नाय दिसत, चिखल दिसतो. बांध तेवढे दिसतात.” मग म्हणाली, “आमाला पण असंच लिवून आलं व्हतं. जमीन सोडा. तवा मी नवी व्हते, काय कळलं नाय. आता कळतं कशी सोडायची.”

मी विचारलं, हे सरांना का नाही सांगितलंस. ती म्हणाली, “त्यांनी विचारलं नाय. माफ केलं.”

चौथा पट लहान होता. शेवंताने तो कागदाबरहुकूम विणला, ‘जमीन सोडा’ लिहिलेलं सगळं साधं, गुळगुळीत, तक्रारीला जागा नाही. आणि उजव्या कोपऱ्यापाशी येऊन थांबली.

“सही राहिली, शेवंताबाई,” सर खिडकीतून म्हणाले.

“तुमची हाय. तुमी करा.”

“मी?”

“सही ज्याची त्यानं करायची असते सर. माझा रेशनचा अर्ज शेजारीण भरंल, पण सही मलाच करावी लागती.”

सरांना वाटलं, दोन दिवसांत तिचा हट्ट उतरेल. मंगलला सांगून बघितलं. मंगल म्हणाली, मला शेपटी जमत नाय. इतर बायकांना अचानक पायपुसण्यांची घाई झाली. आठ दिवसांनी सर आत आले. नाकातोंडाला ओला पंचा बांधून, बाह्या वर करून, आयुष्यात पहिल्यांदा मागावर बसले.

मी अनेक लोकांना माग शिकताना पाहिलं आहे, पण असं नाही. पहिली अडचण, सही उलटी काढायची. सरांनी ती सुलटी सुरू केली. शेवंता शेजारच्या मागावरून म्हणाली, “सर, ती म्हशीला वाचता येईल. माणसाला नाय.” उसवलं. दुसरी अडचण, शिंक आली की हातातली लोकर सुटायची. उसवलं. पहिल्या अक्षराची उभी रेघ दुपारी दोन वाजता झाली. दुसऱ्या दिवशी शेपटीऐवजी गोम झाली. तिसऱ्या दिवशी सर डोळे पुसत बाहेर आले. डोळे लोकरीमुळे लाल होते, असं मी धरून चालते.

“यादीबाई,” ते म्हणाले, “ही बाई रोज किती तास बसते?”

“साडेसात. जेवणाची सुट्टी वगळून.”

ते पायरीवर बसले. “त्या मोठ्या पटातली ती चूक. तशी चूक मला कधी सुचली नसती. तिला कशी सुचली असेल?”

मी आत जाऊन पहिले तिन्ही कागद आणले, माझी यादीही आणली, आणि त्यांच्या पुढ्यात ओळीने मांडली. पहिला पट, ‘जमीन सोडा’, तीन ठिकाणी, साधं विणलं. दुसरा पट, दोन ठिकाणी, साधं विणलं. तिसरा. सरांनी बोटाने एकेक नोंद वाचली, अगदी तिने पाटी वाचली होती तशी. मग मी धरणाचं आणि बांधांचं सांगितलं. जेवढं तिने सांगितलं होतं तेवढंच.

ते म्हणाले, “म्हणजे चूक नव्हती.”

“नाही.”

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही दोन वर्षं रिकामपणाचा विचार करत होतात. मध्ये कसं बोलायचं?”

सर हसले नाहीत. “मग त्या पटात मी काय केलं?”

मी जे खरं होतं ते सांगितलं. “कागद तुमचा होता.”

चौथा पट गोमेसकट विकला गेला. सरांनी कंपनीला पत्र पाठवलं, पाटी बदला म्हणून. मी स्वतः टपालात टाकलं. कंपनीचं उत्तर आलं, की पाट्यांचं धोरण मुख्य कचेरी ठरवते. सरांनी आणखी दोन पत्रं पाठवली. त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. त्या काळात सरांनी वांगी आणायचं बंद केलं होतं.

पाचवा पट हा शेवटचा. त्याचा कागद सरांनी वेगळ्याच पद्धतीने केला. कागद अर्धाच रंगवून आणला आणि गजांतून आत सरकवत म्हणाले, “शेवंताबाई, हा अर्धा माझा. वरचा अर्धा तुम्ही सांगा, मी काढतो.” असं दोन-अडीच महिने चाललं. ती सांगायची, ते काढायचे, ती म्हणायची असं नाय, ते पुन्हा काढायचे. ते ‘मौन’ म्हणायचे, ती ‘शिळा भात’. एकदा सर स्वतःच ‘शिळा भात’ म्हणाले आणि शेवंता म्हणाली, “नाय, इथं मौनच बरंय.” मी दोन्ही रकाने खोडून फक्त क्रमांक ठेवले.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात सही नव्हती. तिथे वीतभर चौकोन होता आणि त्यात पेन्सिलीने, ‘इथे जमीन सोडा. आधी शेवंता रामा जाधव, मग मी.’

तिने चौकोन साधा विणला. पट उतरला, अंगणात टांगला. सर मागे चालत रस्ता ओलांडून बांधावर गेले आणि परत आले. मी राखेच्या रंगाची, चौदा क्रमांकाची लोकर सुईत ओवून तयार ठेवली होती. नावं आता वरून भरायची होती.

“घाला,” सर म्हणाले.

“आधी तुमचं,” शेवंता म्हणाली.

“मी लिहिलंय ना, आधी तुमचं.”

“तुमी वयानं मोठे. कागद तुमचा.”

“अर्धा.”

“मग अर्ध्याचं तरी आधी घाला.”

सरांनी तिच्या नावाआधी सुई हातात घ्यायची नाही, असं ठरवलं होतं. तिने सरांच्या नावाआधी घालायचं नाही, असं ठरवलं. जे दोघं चार पट एका नावावरून अडून बसले होते, ते आता त्याच नावावरून उलट्या बाजूंनी अडून बसले. मी दोनदा मध्ये पडले. सुईत ओवलेली लोकर तशीच लोंबत राहिली. सर म्हणाले, “घाई फक्त एसटीला शोभते.” मी पट गुंडाळून ठेवला.

त्या वर्षी संस्थेने केंद्र बंद केलं. माग मुरबाडच्या एका शाळेला गेले. पट कुणी नेला नाही, मी घरी आणला. सर पुतणीकडे नाशिकला गेले. दोन पत्रं आली, दोन्हींत एकच ओळ, ‘तिने घातलं का?’ तिसरं पत्र पुतणीच्या अक्षरात होतं.

ते घेऊन मी शेवंताकडे गेले. ती अंगणात भात पाखडत होती. पत्र तिने स्वतः वाचलं. सूप खाली ठेवलं आणि पदराने हात पुसत बसली. मग मी म्हटलं, आता तरी तुझं नाव घाल. इतकी वर्षं तू तेच मागत होतीस.

“एकटीचं कसं घालू ताई? कागद त्यांचा व्हता.”

“मग त्यांची सही पण तूच घाल. तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाला येत नाही.”

“नाय,” ती म्हणाली. “ती त्यांची त्यांनीच घालायची. त्यांना येत व्हती आता. गोम झाली तर झाली.”

पट माझ्या पेटीत आहे. दर दिवाळीला मी तो काढते, उन्हात धरते, कडुलिंबाची पानं बदलते आणि शेवंताला निरोप पाठवते. तिचं उत्तर तेच येतं. केंद्र बंद करताना केलेल्या यादीत सात कामं होती. सहांपुढे खुणा आहेत. सातवं काम: ‘कोपरा. दोन नावं घालणे.’ सुई चौकोनाच्या कडेला टोचलेली आहे, तिच्यात चौदा क्रमांकाची लोकर ओवलेली.